दोराला स्वतःला बांधून घेताना : फिगर ऑफ एट गाठीची रीत

सातारा जिल्ह्यात डोंगर चालणारी माणसे पुष्कळ आहेत. रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्यांपासून वैराटगड, पांडवगड, कमळगड, केंजळगड, कल्याणगड असे किल्ले एकामागून एक करणाऱ्यांपर्यंत सर्व वयांच्या लोकांची येथे डोंगराशी ओळख असते. त्यांतील काही जण पुढे पायवाट सोडून कातळाकडे वळतात, एखाद्या संस्थेच्या शिबिरात नाव नोंदवतात आणि पावसाळा सरून कडे कोरडे झाले की प्रस्तरारोहणाचे पहिले धडे घेऊ लागतात. दोराचे टोक आपल्या हार्नेसला, म्हणजे कंबरेला व मांड्यांना बसणाऱ्या सुरक्षा-पट्ट्याला, बांधून घेणे हे त्यांतील सर्वांत आधी शिकवले जाते आणि सर्वांत लवकर गृहीत धरले जाते. हा लेख तेवढ्या एकाच कृतीविषयी आहे.

ही कृती शिकायला अर्धा तास पुरतो आणि पुढे ती करायला एखाद-दोन मिनिटे लागतात. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. अमेरिकेची लिन हिल ही जगातील सर्वांत निष्णात प्रस्तरारोहकांपैकी एक. मे १९८९ मध्ये फ्रान्समधील ब्यू येथे एका सोप्या मार्गावर चढण्यापूर्वी तिने दोर हार्नेसमधून ओवला, पण गाठ पूर्ण केली नाही. मध्येच बोलणे निघाले, बूट घालायचे राहिले होते, आणि अंगावरच्या जाकिटामुळे अर्धी राहिलेली गाठ कोणाच्या नजरेस पडली नाही. मार्गाच्या माथ्यावर पोहोचून खाली उतरण्यासाठी तिने दोरावर भार टाकताच दोर निसटला आणि ती सत्तर फुटांहून अधिक उंचीवरून कोसळली. झाडाच्या फांद्यांनी वेग कमी केला म्हणून ती वाचली. पुढे १९९३ साली योसेमिटीमधील एल कॅपिटनवरचा ‘नोज’ हा मार्ग तिने मुक्त पद्धतीने, म्हणजे दोर केवळ सुरक्षेसाठी ठेवून हातापायांच्या बळावर, चढून दाखवला, यावरून तिची योग्यता कळेल. गाठ तिला येत होती. त्या दिवशी ती पूर्ण झाली नाही. पुढचे सर्व विवेचन वाचताना ही घटना मनात ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

लेखावरून गाठीची रीत समजेल, पण ती हातात बसण्यासाठी अनुभवी प्रशिक्षकासमोर पुन्हा पुन्हा बांधावी लागते. घरी दोन-अडीच मीटर दोराचा तुकडा आणि हार्नेस घेऊन सराव अवश्य करावा. मात्र केवळ वाचनाच्या बळावर कड्यावर जाऊ नये.

हीच गाठ का

हार्नेसला दोर बांधण्यासाठी आज जगभर प्रामुख्याने दोन गाठी वापरल्या जातात. एक म्हणजे उलट ओवून दुहेरी केलेली फिगर ऑफ एट, आणि दुसरी म्हणजे बोलाइन व तिचे निरनिराळे प्रकार. बोलाइनचे गुण खरे आहेत. वारंवार पडून दोरावर झटके बसले तरी ती नंतर हाताने सहज सोडता येते, त्यामुळे अवघड मार्गांवर दिवसभर प्रयत्न करणारे अनुभवी आरोहक तिला पसंती देतात. पण साधी बोलाइन भार नसताना हलत राहिली तर सैल होऊ शकते, म्हणून तिच्या टोकाला पक्की अडसर-गाठ मारावीच लागते. शिवाय तिचे प्रकार इतके आहेत की समोरच्याने बांधलेली बोलाइन बरोबर आहे की नाही हे पाहणाऱ्याला एका नजरेत सांगता येत नाही.

फिगर ऑफ एट ही इंग्रजी आठ आकड्याच्या आकाराची गाठ आहे. ती दुहेरी झाली की दोराच्या जोड्या शेजारी-शेजारी स्पष्ट दिसतात आणि चुकलेली असेल तर चूकही दिसते. ती दोराची ताकद इतर अनेक गाठींपेक्षा कमी घटवते. साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडी अधिक ताकद शिल्लक राहते, आणि भार आल्यावर ती आवळत जाते. पण माझ्या मते तिच्या बाजूने सर्वांत मोठे कारण तिची वाचनीयता हेच आहे. आपल्याकडच्या शिबिरांत साताऱ्याचे, कराडचे, वाईचे, सांगलीचे असे पहिल्यांदाच भेटलेले लोक एकाच दोरावर चढतात. अशा वेळी सर्वांनी एकच गाठ बांधावी आणि कोणीही कोणाची गाठ तपासू शकावे, हे वैयक्तिक पसंतीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. बोलाइन पुढे अवश्य शिकावी, पण ही गाठ अंगवळणी पडल्यानंतर.

येथे एका जुन्या सवयीविषयी लिहिणे भाग आहे. किल्ल्यावरचा एखादा अवघड टप्पा पार करताना नवख्याच्या कंबरेभोवती थेट दोर बांधण्याची पद्धत काही गटांत अजूनही दिसते. हार्नेस सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी गिर्यारोहक तसेच करत असत. डॉन व्हिलन्सने १९७० च्या अन्नपूर्णा दक्षिण-मुख मोहिमेसाठी रचलेल्या बैठ्या हार्नेसनंतर ही स्थिती झपाट्याने पालटली. कंबरेच्या दोरावर माणूस अधांतरी लटकला तर बरगड्यांखाली दोर रुतून काही मिनिटांतच श्वास कोंडू लागतो. ज्या टप्प्यावर पडण्याची शक्यता आहे तेथे हार्नेस हवाच, आणि हार्नेस नसेल तर तो टप्पा त्या दिवशी सोडून द्यावा.

गाठीपूर्वी : हार्नेस आणि दोराचे टोक

हार्नेसचा कंबरपट्टा कमरेच्या हाडांच्या वर, पोटाशी घट्ट बसला पाहिजे. तो दोन्ही हातांनी खाली ओढून पाहावा. हाडांवरून खाली सरकत असेल तर तो सैल आहे किंवा आपल्या मापाचा नाही, आणि उलटे होऊन पडल्यास माणूस त्यातून निसटू शकतो. जुन्या पद्धतीच्या बकलमधून पट्टा एकदा ओवल्यानंतर परत उलटा ओवावा लागतो. हल्लीच्या बऱ्याच हार्नेसमध्ये बकल आधीच तसे ओवलेले असते, तरीही पट्ट्याचे चार बोटे तरी टोक बकलबाहेर उरले आहे ना, हे पाहावे. शर्ट आत खोचावा आणि जाकीट वर गुंडाळावे. गाठ सर्वांना दिसली पाहिजे.

हार्नेसच्या पुढच्या बाजूला दोन टाय-इन पॉइंट, म्हणजे दोर बांधून घेण्याच्या जागा, असतात, एक कंबरपट्ट्यावर आणि दुसरा मांडीपट्ट्यांना जोडणाऱ्या पट्टीवर. या दोघांतून जाणारा जो मजबूत वेढा असतो तो बिले लूप. दोर बिले लूपला बांधायचा नसतो. बिले लूप ज्या दोन जागांतून गेलेला आहे, त्याच दोन जागांतून दोर न्यायचा असतो. कंबरपट्ट्याच्या दोन्ही कुशींना सामान अडकवण्यासाठी जे गिअर लूप असतात, ते केवळ काही किलो वजन पेलण्यासाठी शिवलेले असतात. त्यांचा गाठीशी किंवा माणसाच्या भाराशी काहीही संबंध येता कामा नये.

टाय-इन पॉइंटवरील कापड बोटांनी चाचपून पाहावे. दोर नेहमी तेथेच घासतो, आणि आपल्याकडच्या बेसॉल्टची बारीक कच किंवा महाबळेश्वर-पाचगणीकडील जांभ्याची तांबडी माती दोराला लागलेली असेल तर ही झीज लवकर होते. धागे पिंजलेले दिसले, शिवण उसवलेली दिसली किंवा रंग उडून कापड कडक झालेले जाणवले, तर तो हार्नेस वापरातून काढावा. टॉड स्किनर या नामांकित अमेरिकी आरोहकाचा ऑक्टोबर २००६ मध्ये योसेमिटीत मृत्यू झाला, तो झिजलेला बिले लूप तुटल्यामुळे. नवा हार्नेस काही हजारांत येतो. जुना ‘अजून एक सीझन’ ओढण्याची काटकसर करू नये.

आता दोर. चढाईसाठी डायनॅमिक, म्हणजे झटका बसल्यावर ताणला जाणारा दोर हवा. गाभा आणि त्यावर विणलेले आवरण अशी त्याची रचना असते. या प्रकारचा दोर एडेलरिड या जर्मन कंपनीने १९५३ साली प्रथम बाजारात आणला. एकेरी वापराच्या दोराच्या चाचणीत ८० किलो वजन पाडले जाते आणि पहिल्या पडण्यात बसणारा झटका १२ किलोन्यूटनपेक्षा (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलो वजनाइतका जोर) अधिक असता कामा नये, असा नियम आहे. रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणे) व बचावकार्यासाठीचा स्टॅटिक दोर जवळजवळ ताणला जात नाही, म्हणून लीड चढाईत, म्हणजे पहिला आरोहक दोर खालून सोबत नेत चढतो तेव्हा, त्यावर पडल्यास सगळा झटका शरीराला आणि अँकरला (दोर कातळाला पक्का केलेल्या जागेला) बसतो. शेतीच्या कामासाठी बाजारपेठेत मिळणारी नायलॉनची दोरी तर कितीही जाड असली तरी या कामाची नव्हे.

दोराचे शेवटचे दोन मीटर हातातून सावकाश ओढून पाहावेत. आवरण फाटलेले, एखाद्या जागी दोर चपटा किंवा पोकळ झालेला, टोक उसवलेले असे काही आढळले तर तेवढा भाग कापून टाकण्याचा निर्णय प्रशिक्षकाला विचारून घ्यावा. नोव्हेंबर-डिसेंबरात वाळलेल्या गवताची कुसळे आवरणात रुततात, ती काढावीत. दोर ताडपत्रीवर किंवा रोप बॅगवर मोकळा करून ठेवावा, थेट मातीत नाही. ढिगाचे वरचे टोक चढणाऱ्याने घ्यावे आणि खालच्या टोकाला लगेच एक पक्की गाठ मारावी किंवा ते बिले देणाऱ्याने, म्हणजे खाली राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याने, स्वतःला बांधून घ्यावे. हे केले नाही आणि दोर मार्गाच्या मानाने आखूड निघाला, तर चढणाऱ्याला खाली सोडताना ते टोक बिलेच्या साधनातून निसटून जाते. ओल्या नायलॉनची ताकद बरीच घटते, म्हणून दवाने किंवा झऱ्याने भिजलेला दोर वाळेपर्यंत लीडसाठी घेऊ नये.

गाठ बांधणे

दोराचे टोक एका मुठीत धरून तो हात बाजूला सरळ ताणावा आणि दोर छातीवरून दुसऱ्या खांद्यापर्यंत आणावा. साधारण एक मीटर लांबी मिळते. उंच किंवा जाड अंगाच्या माणसाने, किंवा दोर ११ मिलिमीटरसारखा जाड असल्यास, थोडी अधिक घ्यावी. दोन-तीन वेळा बांधल्यावर आपल्या अंगाला किती लांबी लागते हे प्रत्येकाला समजते.

त्या जागी एकेरी आठ बांधायचा. टोकाकडचा भाग मुख्य दोराच्या वरून नेऊन एक वेढा तयार करावा. मग तेच टोक मुख्य दोराच्या मागून फिरवून पुन्हा पुढे आणावे आणि पहिल्या वेढ्यात वरून खाली ओवावे. ओढले की इंग्रजी आठ दिसतो. मागून फिरवण्याची पायरी राहिली तर साधी गाठ पडते, आठ पडत नाही. नवशिक्यांची ही पहिली नेहमीची चूक असते. हा आठ अजून आवळू नये, त्यात बोट जाईल इतका मोकळा ठेवावा.

आता टोक हार्नेसमधून न्यायचे. ते मांडीपट्ट्यांच्या टाय-इन पॉइंटमधून खालून वर घालून नंतर कंबरपट्ट्याच्या पॉइंटमधून बाहेर काढावे. काही संस्था वरून खाली ओवायला शिकवतात, आणि दोन्ही दिशांनी गाठ तितकीच सुरक्षित होते. मात्र एका व्यक्तीने नेहमी एकच दिशा ठेवावी, म्हणजे हात सवयीने चालतो आणि काही वेगळे झाले तर ते चटकन खटकते. दोर दोन्ही पॉइंटमधून गेला आहे, हे डोळ्यांनी पाहण्याबरोबरच बोटाने चाचपूनही पाहावे. दोर फक्त मांडीपट्ट्यांमधून गेला असेल तर पडल्यावर माणूस उलटा होतो, आणि फक्त कंबरपट्ट्यातून गेला असेल तर सगळा झटका कमरेवर येतो.

एकेरी आठ हार्नेसच्या जवळ सरकवून टोकाने त्याचा माग उलट काढायला सुरुवात करावी. हार्नेसकडून येणारी जी दोरी आठात शिरते, तिच्या शेजारीच टोक आत घालावे आणि ती जेथे जेथे वळते तेथे तेथे तिच्या सोबत वळवत न्यावे. ती वरून गेली असेल तर टोकही वरून, ती खालून गेली असेल तर टोकही खालून. संपूर्ण आठ फिरून झाल्यावर टोक मुख्य दोराच्या शेजारून, त्याच्याच दिशेने बाहेर पडते. टोक दुसऱ्या कोठून बाहेर पडत असेल तर कोठेतरी एक वळण चुकले आहे. अशा वेळी ओढाताण करून गाठ ‘जुळवू’ नये. टोक एकेरी आठापर्यंत मागे काढून पुन्हा ओवावे. हार्नेसमधून ओवलेले टोक तसेच राहू द्यायला हरकत नाही, पण शंका असेल तर सगळेच सोडून पहिल्यापासून सुरुवात करावी.

मग गाठ नीट बसवायची. जेथे दोन दोर एकमेकांना ओलांडत असतील तेथे बोटांनी ते शेजारी-शेजारी आणावेत. तसे न केलेली गाठ बहुधा सुटत नाही, परंतु ती वेडीवाकडी दिसते आणि तपासणाऱ्याची नजर फसवते. त्यानंतर गाठीतून बाहेर पडणारे चारही पदर, म्हणजे हार्नेसकडचे दोन, मुख्य दोर आणि टोक, एकेक करून जोर लावून ओढावेत. केवळ मुख्य दोर ओढून आवळलेली गाठ वरून घट्ट दिसते, पण आतून सैल राहते.

शेवटी जोड्या मोजाव्यात. नीट बसलेल्या दुहेरी आठावर समांतर दोरांच्या पाच जोड्या मोजता येतात. मोजताना प्रत्येक जोडीवर बोट ठेवावे. नुसते ‘दिसते आहे बरोबर’ एवढ्यावर थांबणे ही नजरेची सवय आहे, तपासणी नव्हे.

उरलेले टोक, वेढ्याचा आकार आणि जादा गाठ

गाठीबाहेर उरणारे टोक दोराच्या जाडीच्या किमान दहा पट असावे. दहा मिलिमीटरच्या दोराला दहा सेंटिमीटर. भार येताना गाठ आवळते आणि त्यात थोडे टोक आत ओढले जाते, त्याची ही सोय आहे. प्रत्यक्षात त्याहून थोडे अधिक, वीतभरापर्यंत ठेवणे सोयीचे पडते. त्याहून लांब टोक मात्र नको. लीड करताना घाईत मुख्य दोराऐवजी लोंबणारे टोक क्विकड्रॉमध्ये (मार्गावर दोर अडकवण्याच्या दुहेरी कडीत) अडकवले गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

हार्नेस आणि गाठ यांच्यामधला वेढा बिले लूपच्या आकाराचा, फार तर मुठीएवढा असावा. मोठा वेढा कातळाच्या टोकाला किंवा झुडपाच्या खोडाला अडकतो, गाठ तोंडासमोर येते आणि पडल्यावर माणूस तितकाच अधिक खाली जातो. वेढा मोठा झाला असेल तर एकेरी आठ हार्नेसपासून दूर राहिला होता, एवढाच त्याचा अर्थ. गाठ सैल करून तो जवळ सरकवावा.

उरलेल्या टोकाची मुख्य दोराभोवती आणखी एक अडसर-गाठ मारावी की नाही, यावर आपल्याकडे बराच वाद होतो. अनेक प्रशिक्षण संस्थांत ती सक्तीची असते, आणि ज्यांनी दार्जिलिंगच्या किंवा उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेत अभ्यासक्रम केला आहे त्यांच्या हाताला ती आपोआप लागते. दुहेरी आठ पूर्ण आणि पुरेशा टोकाचा असेल तर त्याला या जादा गाठीची गरज नसते. तरीही ती मारण्यात तोटा नाही, कारण टोक बाजूला राहते आणि पुरेसे टोक ठेवणे भाग पडते. ती मारायची झाल्यास दोन वेढ्यांची मारावी आणि आठाला चिकटवून आवळावी. फक्त तिला पाहून मुख्य गाठ तपासल्याचे समाधान मानू नये. अर्धा आठ आणि त्यावर सुबक अडसर-गाठ ही जोडी फार फसवी असते. उरलेले टोक पुन्हा आठात खोचण्याची जी रीत काही जण वापरतात, ती नवशिक्यांनी टाळावी. आठ आवळण्यापूर्वी टोक चुकीच्या जागी खोचले गेले तर गाठीची रचनाच बदलते.

आणखी एक विचार येथेच सांगतो. काही कृत्रिम भिंतींवर दोराला आधीच आठ बांधून त्यात कॅरबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) अडकवलेला असतो आणि चढणारा तो बिले लूपला लावून वर जातो. देखरेखीखालच्या टॉप रोपसाठी, म्हणजे दोर आधीच वरून आलेला असतो अशा चढाईसाठी, ती सोय ठीक आहे. कड्यावर, आणि लीडसाठी तर नक्कीच, दोर थेट हार्नेसला बांधावा. कॅरबिनरची ताकद लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन असते, पण तो आडवा फिरला तर मानकानुसार केवळ ७ किलोन्यूटनची हमी उरते. शिवाय त्याचे कुलूप उघडे राहू शकते. थेट बांधलेल्या गाठीत हे दोन्ही धोके नाहीत.

एकदा हातात घेतली की संपवायची

आता या लेखातील मुख्य नियम. गाठ बांधायला सुरुवात केली की ती तपासून पूर्ण होईपर्यंत दुसरे काहीही करायचे नाही. बोलायचे नाही, फोन घ्यायचा नाही, बुटाची नाडी बांधायची नाही, कोणी फोटोसाठी हाक मारली तरी मान वर करायची नाही. बूट, हेल्मेट, हात कोरडे ठेवण्याच्या खडूच्या भुकटीची पिशवी, लागणारे क्विकड्रॉ, पाण्याचा घोट हे सगळे आधी उरकावे आणि गाठ शेवटी बांधावी. काही कारणाने थांबावेच लागले, म्हणजे वरून दगड आला, आग्या मोहोळ उठले किंवा कोणाला मदत लागली, तर अर्धी गाठ तशी न सोडता दोर हार्नेसमधून पूर्ण बाहेर काढावा. अर्धी गाठ ही न बांधलेल्या गाठीपेक्षा अधिक धोकादायक आहे, कारण दोर हार्नेसमधून गेलेला पाहून परत आलेल्या माणसाला काम झाले असे वाटते.

हा नियम गटातील इतरांवरही बंधनकारक आहे. कोणी गाठ बांधत असेल तर त्याच्याशी बोलू नये. शिबिरात हे पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजे आणि प्रशिक्षकानेही ते पाळले पाहिजे. पुष्कळदा सूचना देण्याच्या उत्साहात प्रशिक्षकच बांधणाऱ्याचे लक्ष विचलित करतो. एकेका कड्याखाली वीस-पंचवीस मुले जमलेली असतात, गप्पा रंगलेल्या असतात. अशा वेळी बांधण्याची जागा गर्दीपासून चार पावले बाजूला ठरवून ठेवणे हा फार साधा आणि उपयोगी उपाय आहे.

गावाकडे बैल दाव्याला बांधतात ती गाठ गरज पडताच एका हिसक्यात सुटावी अशी मुद्दाम मारलेली असते. शेतकरी कुटुंबातून आलेल्या मुलांचे हात दोराला सरावलेले असतात आणि ती गाठी भराभर शिकतात. पण त्या हातांना ही नवी गाठ सावकाश बांधायला शिकवावे लागते.

दुसऱ्याची नजर

गाठ पूर्ण झाल्यावर चढणारा आणि बिले देणारा यांनी समोरासमोर उभे राहून एकमेकांची तपासणी करायची. बिले देणाऱ्याने चढणाऱ्याच्या हार्नेसचे बकल, दोर दोन्ही टाय-इन पॉइंटमधून गेला आहे की नाही, पाच जोड्या आणि उरलेले टोक हे पाहावे, तेही गाठ हातात धरून. चढणाऱ्याने बिले देणाऱ्याचे बकल, बिलेच्या साधनातून दोर योग्य दिशेने ओवला आहे का, कॅरबिनरचे कुलूप बंद आहे का आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला गाठ आहे का, हे पाहावे. मग बिले देणाऱ्याने दोर एकदा खेचून दाखवावा, म्हणजे पूर्ण साखळी जोडलेली आहे हे दोघांनाही कळते.

या तपासणीत वयाचा, अनुभवाचा किंवा मानाचा विचार येऊ देऊ नये. आपल्याकडे वीस वर्षे डोंगरात घालवलेल्या माणसाला नवख्या मुलाने ‘दादा, गाठ दाखवा’ म्हणणे अवघड जाते. म्हणून ज्येष्ठानेच पुढे होऊन ‘ये, माझी गाठ बघ’ असे म्हणावे आणि मुलगा बोट ठेवून जोड्या मोजेपर्यंत शांत उभे राहावे. ताई असोत, सर असोत किंवा मोहिमेचे नेते असोत, तपासल्याशिवाय कोणाचाही पाय कातळावर पडू नये. ज्या गटात ही रीत पक्की आहे तो गट सुरक्षित आहे असे मी मानतो. मग त्यांचे साहित्य थोडे जुने असले तरी चालेल.

तपासणी झाल्यावरच ‘बिले?’, ‘बिले ऑन’, ‘क्लाइंबिंग’, ‘क्लाइंब ऑन’ हे शब्द उच्चारावेत, आणि प्रत्येक शब्दाला उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नये. चाळकेवाडीच्या पठारावर ज्या वाऱ्यासाठी पवनचक्क्या उभारल्या आहेत, तोच वारा आपल्या कड्यांवर शब्द उडवून नेतो. वीस-पंचवीस मीटरवर हाक ऐकू येत नसेल तर दोराच्या खेचण्यांचे संकेत चढाईपूर्वी, जमिनीवर असतानाच ठरवावेत. मोहोळ असलेल्या कड्यावर तर मोठ्याने ओरडणेच टाळायचे असते, तेथे हे संकेत अधिकच आवश्यक ठरतात.

चढाईत विश्रांतीच्या जागी खाली पाहून गाठ एकदा डोळ्यांखालून घालावी. दोरावर भार टाकून खाली उतरण्यापूर्वी तर ती पाहिल्याशिवाय हात सोडू नयेत.

वर पोहोचल्यावर आणि खाली आल्यावर

कड्याच्या किंवा सुळक्याच्या माथ्यावर गाठ सोडण्याची वेळ आली, तर आधी स्लिंगने (शिवलेल्या पट्टीच्या वेढ्याने) स्वतःला अँकरला अडकवावे, त्यावर भार टाकून पाहावा, दोराचा एक वेढा अँकरला किंवा हार्नेसला अडकवून दोर खाली निसटणार नाही याची खात्री करावी आणि मगच गाठीला हात लावावा. हा क्रम थकलेल्या अवस्थेत चुकतो. नवशिक्यांनी माथ्यावर गाठ सोडण्याची वेळच येणार नाही, अशा रीतीने मार्ग आखावा; टॉप रोपवर चढून बांधलेल्या अवस्थेतच खाली यावे.

रॅपलिंगसाठी दोन दोर जोडताना आठाची गाठ चपटी मारून वापरू नये. हार्नेसला उत्तम असलेली हीच गाठ, दोन्ही टोके एकाच बाजूला ठेवून दोर जोडण्यासाठी वापरली की भाराखाली उलटत जाऊन टोकांवरून निघून जाऊ शकते आणि त्यामुळे मृत्यू झालेले आहेत. त्या कामाची रीत वेगळी आहे आणि ती स्वतंत्रपणे शिकावी.

खाली आल्यावर दोन्ही पाय जमिनीवर स्थिर झाले आणि बिले देणाऱ्याला कळवले की मगच गाठ सोडावी. भार घेतलेला आठ घट्ट बसलेला असतो. तो सोडताना दाताने किंवा कॅरबिनरच्या टोकाने खेचू नये. गाठीच्या दोन टोकांकडची बाहेरची वळणे अंगठ्यांनी पुढे-मागे दाबून आधी ढिली करावीत, मग टोक सहज मागे निघते. हार्नेसमधून दोर काढल्यावर उरलेला एकेरी आठही लगेच सोडावा. तो तसाच ठेवून दोर खाली ओढला तर माथ्यावरच्या रिंगमध्ये अडकतो, आणि मग तो काढण्यासाठी कोणाला तरी पुन्हा वर जावे लागते. लीड करणारा त्या टोकावर पडला असेल तर पुढच्या चढाईसाठी दोराचे दुसरे टोक घ्यावे, म्हणजे ताणलेल्या भागाला पूर्ववत होण्यास वेळ मिळतो. दुसऱ्या टोकाला तळाची गाठ मारलेली असेल तर ती सोडून, या टोकाला मारावी आणि मग नव्या चढणाऱ्याने गर्दीपासून बाजूला जाऊन आपली गाठ बांधायला घ्यावी.